बसलेला बैल आणि ऋषीची भाजी

लग्न होऊन मी पुण्यात सदाशिव पेठेत आले तेव्हा मला एक झाडसुद्धा लावता येत नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते. आमच्या गुहागराकडे झाड लावावं लागतच नाही. भोपळ्याचं बी उकिरड्यावर फेकलं की श्रावणात वेल छपरावर. त्यामुळे हिरवं करणं हे देवाचं काम, अशी माझी समजूत होती. पुण्यातल्या देवाला असल्या कामांना सवड नसावी. आमच्या बिऱ्हाडामागे परस होतं, पण त्यात फुटकी कौलं, दगड आणि कुसळं एवढंच पीक. मी मागल्या दारात उभी राहून तिकडे बघायची आणि मला भडभडून यायचं.

आमचे हे, म्हणजे श्रीधरपंत, पेशव्यांच्या फडात कारकून. अक्षर देखणं आणि ताठा अक्षराहून देखणा. माझं रडं बघून ते गडबडून जायचे आणि बत्तासे आणायचे. बत्ताशांनी काय होतंय?

वाड्याच्या मालकीण मथुराबाई. त्यांच्या जिभेपुढे विळी बोथट. एक दिवस धीर करून मी त्यांना विचारलं, “बाई, मागचं परस मला द्याल?”

“कशाला? रडायला चौकातली जागा पुरत नाही का?”

“भाजी लावीन म्हणते.”

“आधी कधी लावली होतीस?”

“नाही.”

“तरीच एवढ्या हौसेनं मागते आहेस,” मथुराबाई म्हणाल्या. “हे बघ, तिथं मला म्हैस बांधायची आहे. पण तुला भाद्रपदापर्यंत मुदत देते. ऋषिपंचमीला माझ्याकडे सात जणी जेवायला असतात. त्या दिवशी माझ्या पानात तुझ्या परसातली भाजी पडली तर परस तुझं. नाही पडली तर षष्ठीला म्हैस.”

ऋषिपंचमीचा नेम कुठल्याही बाईला सांगावा लागत नाही. वर्षातून त्या एका दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं वर्ज्य, हातानं खणून वाढवलेलं तेवढं चालतं. पिढ्यान् पिढ्या बायका हे पाळत आल्या. मीही आठव्या वर्षापासून आईबरोबर पाळत आले. आणि ऋषीच्या भाजीसाठी परस करायला निघालेल्या आम्ही नवराबायकोंनी पहिलं काम काय केलं असेल? बैल आणला.

हसू नका. डोक्यात आनंद शिरला की बाकीचं बाहेर पडतं. मला त्या दिवसांत ऋषी आठवत नव्हते आणि पंचमीही आठवत नव्हती. डोळ्यांपुढे नुसते दोडके लोंबत होते. मथुराबाई लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेलेल्या, त्यामुळे टोकायलाही कुणी नव्हतं.

शनवारवाड्यापुढच्या बाजारात सोजरबाई भाजी विकायची. पर्वतीच्या पायथ्याशी तिचा मळा. मी तिला विचारलं, सुरुवात कुठून करू? ती म्हणाली, “आदी जमीन उलथी करा. मूटभर तर हाय, कुदळीनं हुईल.”

मी तसंच ह्यांना सांगितलं. ह्यांचा ताठा दुखावला. “कुदळ? फडातला कारकून कुदळ हाणणार? व्हायचं ते रीतसर होऊ दे. नांगर लावू.”

परस केवढं? बारा हात लांब आणि आठ हात रुंद. तरी वैशाखातल्या एका दुपारी सोजरबाई तिचा पांढरा बैल आणि हलका नांगर घेऊन हजर झाली. बैल दिंडीदरवाजातून पुढून ओढून आणि मागून ढकलून आत घेतला. सगळा वाडा बघायला जमला. शेजारच्या आनंदीवहिनींनी त्याला हळदकुंकूही लावलं. मग ऊन तापलं, माणसं झोपायला गेली, आणि परसात आम्ही तिघं नि बैल उरलो.

बैल भिंतीच्या सावलीत गेला आणि बसला.

सोजरबाईनं त्याला चुचकारलं, शेपूट पिळलं, शिव्या दिल्या. ह्यांनी गूळ दिला. त्यानं गूळ खाल्ला आणि रवंथ करत बसून राहिला. त्याचं बरोबरच होतं. एवढ्याशा जागेसाठी मीसुद्धा उठले नसते.

ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. उपरणं काढून खुंटीला लावलं, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, “जू आणा इकडे.”

“अहो, काय हे?”

“तू मागे नांगर धर. बोलू नकोस, लोक उठतील.”

आणि पेशव्यांच्या फडातल्या कारकुनानं जू खांद्यावर घेतलं. मी नांगर धरला. तो कसा धरतात हे मला ठाऊक नव्हतं, तो कसा ओढतात हे ह्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच ओढीला फाळ दगडात अडकला आणि हे पालथे पडता पडता वाचले. दुसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या दुसऱ्या रेघेला, कोपऱ्यात वळायची वेळ आली तेव्हा सोजरबाई सवयीनं ओरडली, “वळ माझ्या राजा, वळ!” मग तिनं जीभ चावली. ह्यांनी मान वळवून विचारलं, “डावीकडे की उजवीकडे?” मग मात्र मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर येत होता. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, हातात नांगर. बैल सावलीतून आमच्याकडे बघत होता. हे फुसफुसत होते, पण थांबत नव्हते. बारा तास झाले, आडवे उभे, सगळं परस उलथं झालं.

जू उतरवल्यावर ह्यांना लाज आठवली. मला म्हणाले, “माझ्या गळ्याची शपथ आहे, हे कुणाला सांगशील तर. फडात कळलं तर मी दौत मागितल्यावर लोक पेंढी पुढे करतील.” सोजरबाईकडूनही त्यांनी खंडोबाचा भंडारा उचलवून तशीच शपथ वदवून घेतली. आणि संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली तेव्हा कुणीतरी विचारलं, “काय पंत, झालं का नांगरून?” तर हे छाती पुढे काढून म्हणतात, “झालं म्हणजे काय! बैल मोठा गुणी निघाला.”

मृग लागल्यावर मी बी पेरलं आणि माझ्या अज्ञानाला खरा बहर आला. भोपळ्याच्या सगळ्या बिया मी एकाच आळ्यात टाकल्या, एकमेकींना सोबत म्हणून. रोज सकाळी माती उकरून बघायची, कोंब आला का. चौथ्या दिवशी सोजरबाईनं मला पकडलं. “बी म्हंजे काय पावना हाय व्हय, सारखं उटवून इचारायला? निजू द्या की त्येला!” मग हौदावरून घागरी आणून मी इतकं पाणी ओतलं की अर्धं बी कुजलं. पुन्हा पेरलं. एका रांगेतल्या रोपट्यांचं मी पंधरा दिवस लाडकोड केलं, ह्यांनाही कौतुकानं दाखवली, आणि ते निघालं निव्वळ तण.

पण हळूहळू हाताला कळत गेलं. माती मुठीत धरून सोडली की कळतं, पाणी हवं की नको. पानांवर किडी दिसल्या की चुलीतली राख. वेलाला वर चढायला काठ्यांचा मांडव. शेणखत घालताना नाक मुरडायचं नाही. श्रावणात एका सकाळी पहिला दोडका लोंबताना दिसला, बोटाएवढा, आणि मी अशी किंचाळले की आनंदीवहिनींना वाटलं साप निघाला. त्या दिवशी दोडका बघायला वाड्यातलं माणूस न् माणूस येऊन गेलं. नजर लागू नये म्हणून मी त्याला काजळाचं बोट लावलं. मग भेंडी आली, माठ आला, पडवळ आलं, आणि अळू तर असं माजलं की परसात शिरायला वाट उरेना. मी गुहागराला विसरले नव्हते, पण मागल्या दारात उभी राहून रडायला मला वेळच मिळेनासा झाला.

ऋषिपंचमी उजाडली. बायका आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, नदीवर अंघोळी करून आल्या. सोजरबाईला मी मुद्दाम बोलावलं होतं, भाजी खुडायला आणि मिरवायला. मथुराबाईंच्या सोप्यात मी सहा भाज्यांची टोपली आणून ठेवली. त्यांनी दोडका उचलला, वाकवून बघितला, नाकाशी नेला. “कोवळा आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शालजोडी मिळाली.

इतक्यात आनंदीवहिनी म्हणाल्या, “पण बाई, हे परस वैशाखात बैलानं नांगरलं होतं ना? मी त्याला हळदकुंकू लावलं होतं.”

वैशाखापासून पहिल्यांदा मला ऋषी आठवले, सातही.

मथुराबाईंनी दोडका टोपलीत परत ठेवला. “बैल आला होता?”

“आला होता,” मी म्हटलं.

“नांगरायला?”

“नांगरायला.”

“मग नांगरलं कुणी?”

गळ्याची शपथ होती. नवऱ्याच्या गळ्याची शपथ कोण बाई मोडेल? मी सोजरबाईकडे बघितलं. ती म्हणाली, “म्या भंडारा उचललाय, बोलनार न्हाई. बैलाला इचारा.”

“अहो, पण ओट्यावर श्रीधरपंतच सांगत होते,” दुसरी एक बाई म्हणाली, “बैल मोठा गुणी निघाला म्हणून.”

मथुराबाईंनी टोपली बाजूला सारली. त्यांनाही वाईट वाटलं होतं, कारण त्या पहिल्यांदाच टोचून बोलल्या नाहीत. “पोरी, नेम तो नेम. तू मेहनत केलीस, दिसतंय मला. पण उद्या म्हैस येईल.” मला माझा मांडव दिसला, माझे वेल दिसले, आणि त्यांच्यावर पाय देऊन उभी राहिलेली ती म्हैस दिसली. मी रडणार होते.

“बैलानं नांगरलं नाही.”

दारात हे उभे होते. आमचं बोलणं ऐकून, गणपतीची पूजा अर्धी टाकून सोवळ्यातच आलेले, कान लालबुंद.

“बैल बसला होता,” हे म्हणाले. “एक पाऊल त्यानं टाकलं नाही. जू माझ्या खांद्यावर होतं. हिनं नांगर धरला, मी ओढला. ओट्यावर सांगितलं ती थाप होती.”



“तुम्ही?” मथुराबाई म्हणाल्या. “कुदळ घ्यायची सोडून जू घेतलंत?”

“घेतलं खरं पहिल्या तासापुरतं. खांदा सोलला, मग सोडणार होतो.” हे खाली बघत म्हणाले, “पण ही हसायला लागली. पुण्याला आल्यापासून हिला हसताना मी ऐकलं नव्हतं. थांबलो असतो तर हसणंही थांबलं असतं. म्हणून ओढत राहिलो.”

एवढं बोलून त्यांना पळून जायचं होतं, पण दारात दोन बायका उभ्या होत्या आणि त्या काही हलल्या नाहीत. मला काय झालं ते मी सांगते. मला त्या भरल्या सोप्यात, सगळ्यांच्या देखत, जाऊन त्यांच्या त्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. तसं काही करता येत नव्हतं, म्हणून मी टोपली घट्ट धरून उभी राहिले.

मथुराबाईंनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली. मग म्हणाल्या, “बैलाचे कष्ट वर्ज्य. नवऱ्याच्या कष्टांबद्दल पोथीत एक अक्षर नाही. चिरा भाजी.”

आनंदीवहिनींना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. सोजरबाई भिंतीला टेकून हसत सुटली आणि भंडारा राखल्याबद्दल खंडोबाला हात जोडू लागली. कुणी विळी ओढली, कुणी चिंच भिजत घातली. मला हसता हसता देठ सोलवेनात.

हे दारातल्या गर्दीतून वाट काढू लागले, तेवढ्यात मथुराबाईंनी हाक मारली.

“श्रीधरपंत, म्हशीचं मी रहित केलं. पण कार्तिकात विहिरीपलीकडची पट्टीही हिच्याकडे देईन म्हणते. ती याच्या दुप्पट आहे. येताना बैल आणू नका.”