काळ्या कांड्या

"आप्पा, माझ्या टेबलावरची काळी कांडी कुठंय?"

आप्पांनी वर पाहिलं नाही. समोर शेजारच्या केसरबाईचा मिक्सर उलटा पाडलेला, हातात कानस. दुकानाचं शटर दिवाळीनंतर पहिल्यांदाच वर गेलं होतं, त्यामुळे तावातावाने आलेली मी दारातच थोडी थंडावले.

"बसवली," ते म्हणाले. "मिक्सरचा कार्बन पार झिजला व्हता. संध्याकाळी केसरबाईकडं पाव्हणे हायत. नवा आणाया केजला कोण जाईल? तुझ्याकडं दोन व्हत्या, एक घासून घेतली."

"अवो, ते सॅम्पल हाय!"

"कार्बनच हाय ना? मंग कावून वरडतीस?"

माझं काम नांदूरघाटात कुणाला समजावून सांगायची सोय नाही. आई गेल्यावर मी नवी मुंबई सोडून घरी आले आणि तिथल्याच कस्टम एजंटचं काम घरून करू लागले. परदेशी माल बंदरात उतरला की तो कोणत्या क्रमांकात बसतो ते ठरवायचं. त्या क्रमांकावर आयातशुल्क ठरतं. माझ्या वाट्याला ग्राफाइट आणि कार्बन. आप्पा गावभर सांगतात, "पोरगी कोळशाची वकील हाय." फारसं चूकही नाही.

या वेळी एका व्यापाऱ्याने दोन प्रकारच्या कांड्या एकाच नावाखाली आणल्या होत्या. एक मोटारीत वीज पोचवणारी, ती पंच्याऐंशी पंचेचाळीसमध्ये जाते. दुसरी पाण्याच्या पंपात नुसतं घर्षण सोसणारी, विजेशी तिचा संबंध नाही, म्हणून ती अडुसष्ट पंधरामध्ये. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. आमच्या ऑफिसच्या पंडित सरांनी दोन्ही नमुने कुरियरने पाठवले होते आणि मी ते बघून संध्याकाळी परत पाठवायचे होते. कस्टमचे अधिकारी तेच नमुने तपासणार होते.

मी घरात पळत जाऊन उरलेल्या कांडीखालची चिठ्ठी वाचली. ती मोटारीची होती. म्हणजे आप्पांनी नेली ती पंपाची.

"आप्पा, चालू करू नका. ही करंटवाली न्हाई."

"मला नको शिकवू, माय. अंगठ्याला कळतं माझ्या."

ते खरंच होतं. जन्मभर विजेच्या मोटारी बांधलेला माणूस. कार्बनवर अंगठा फिरवला की मऊ आहे, काळं सोडतो, म्हणजे विजेचा. टणक आणि गुळगुळीत आहे, म्हणजे पंपाचा, असं ते डोळे मिटून सांगायचे. ऑफिसात जी माझी हुशारी म्हणून वाखाणली जायची, ती मुळात त्यांची. म्हणून मला वाटलं, चिठ्ठ्यांचीच अदलाबदल झाली असेल. मी गप्प बसले.

तेवढ्यात शेंगदाण्यांचं भांडं घेऊन आलेल्या केसरबाईने मिक्सरची पिन लावली. मिक्सरच्या पोटात निळ्या ठिणग्यांचा तडतडाट झाला, जळका वास सुटला, आणि तिने घाबरून पिन ओढली. शेंगदाणे भांड्यात तसेच राहिले.

"राहू द्या भाऊ," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "पाट्यावर वाटते. लई न्हाईत पाव्हणे." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

आप्पा मिक्सर पुन्हा उलटा करून खोलू लागले. मी बाहेर येऊन पंडित सरांना फोन लावला.

"सर, पंपाची कांडी माझ्या हातून खराब झाली."

सर म्हणाले, "यशोधरा, घरून काम द्यायला इथे कुणी तयार नव्हतं. मी शब्द टाकला होता. असं होणार असेल तर तुला परत इथे यावं लागेल."

परत जायचं म्हणजे आप्पांना या घरात एकटं टाकून जायचं. तेवढ्यात मागून हात आला आणि फोन आप्पांच्या कानाला गेला.

"सायेब, मी शहादेव बोलतोय, तिचा बाप. तिनं न्हाई, म्या घासलं. साखरेनं बोटं बधीर झालीत माझी. मऊ का टणक, काय बी कळत न्हाई आता. तिला म्या सांगितलं नव्हतं."

ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते. दुकान बंद का केलं असं मी दिवाळीत विचारलं होतं, तेव्हा "गिऱ्हाईक कुठंय?" म्हणून हसले होते. रोज त्यांच्या हातचा चहा पिणाऱ्या मला काही कळलं नव्हतं, याची मला फार लाज वाटली.

मी फोन परत घेतला तेव्हा सर म्हणाले, उरलंय ते पाठव, काय झालं ते खरं लिही, बाकी मी बघतो.

संध्याकाळी मी पाकीट बांधायला बसले. एक कांडी अख्खी, दुसरीचा तोकडा तुकडा आणि मिक्सरमधून काढलेला जळका ठोकळा. आप्पा शटर ओढून आले आणि कागदाची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. उघडली तर आत काळा चुरा. कानशीने पडलेला, दुकानातल्या फळीवरून झाडून गोळा केलेला.

"ह्ये बी घाल. माल पुरा परत जाऊ दे. कमी भरला तर तुझ्यावर यायचं."

त्या भुकटीचा कस्टमला काडीचा उपयोग नव्हता. मी पुडी पुन्हा नीट मिटली आणि पाकिटात ठेवली.

मी टेप लावली. आप्पांनी पाकीट आपल्याकडे ओढलं, सवयीने टेपच्या कडेवरून अंगठा दाबून फिरवला आणि थांबले.

"चिकटली का गं नीट?" त्यांनी मला विचारलं.