स्टुलावरची पाठ

"आता या बाईंकडे बघा." मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "गुडघ्याचं दुखणं आणि दिवसभर उभ्याचं काम. यांचा अर्ज आला आणि दुकानाने आठवड्याच्या आत स्टूल दिलं. यशस्वी सोय म्हणतात ती ही."

पडद्यावर मोठ्या दुकानातलं बिलिंगचं काउंटर होतं. स्टुलावर पाठमोरी बसलेली बाई, लांब वेणी, निळा एप्रन. एप्रनच्या उजव्या पट्ट्यावर पांढऱ्या दोऱ्याची शिवण होती. शेवटच्या बाकावरच्या मावशी त्या शिवणीकडे बघत राहिल्या. निळा दोरा संपला म्हणून पांढरा घातला होता, आणि तो त्यांनीच घातला होता.

वर्गात सगळे त्यांना मावशीच म्हणत. बाकीची मुलं पंचविशीतली, त्या सत्तेचाळीस. अकरा वर्षं त्या काउंटरवर बिलं केल्यावर गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी 'स्वखुशीने' राजीनामा दिला होता. मग लेकीने हा वर्षभराचा अभ्यासक्रम शोधून काढला, कामाच्या जागी लागणाऱ्या सोयी आणि मानवी हक्कांचं व्यवस्थापन. नाव वाचतानाच दम लागावा असा. "आई, हे तुला कोण काय शिकवणार? तूच शिकवशील त्यांना," असं लेक म्हणाली होती. आता शेवटचा आठवडा उरला होता. एका इस्पितळाला असा अधिकारी हवा होता आणि त्यांनी मावशींना निवडलंही होतं. सोमवारपर्यंत फक्त प्रमाणपत्र दाखवायचं होतं.

मावशींनी हात वर केला. "मॅडम, ती बाई मी आहे."

"म्हणजे?"

"ती पाठ माझी आहे. आणि स्टूल मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधलं. फोटो काढला आणि लगेच परत नेलं. दहा मिनिटं बसले असेन फार तर."

पुढच्या बाकावर एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीत कलम सांगायचा म्हणून त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. तो मागे वळला. "मग तक्रार नाही केलीत, मावशी?"

"केली की. तीनदा. म्हणाले, तुमचा अर्जच आलेला नाही. इथे मात्र आलाय म्हणतात."

"तुमच्याकडे त्याची प्रत असेल ना?"

"नव्हती."

"अहो, प्रत ठेवायची असते! पहिल्याच आठवड्यात शिकवलंय आपल्याला."

"तेव्हा मी शिकत नव्हते रे बाळा. तेव्हा मी उभी होते."

मॅडम वाईट नव्हत्या, तेच तर अवघड होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "फार धीराने बोललात," म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडमनी पुढचं चित्र लावलं, त्यात एक उतार होता आणि चाकाची खुर्ची होती. मावशींना वाटलं होतं, निदान एक जण तरी विचारेल की त्या काउंटरवर आता कोण उभं आहे. कुणी विचारलं नाही. त्यांचे कान संतापाने तापले होते आणि वहीत उताराचं माप मात्र त्या मुकाट्याने लिहून घेत होत्या.

शुक्रवारी मॅडमनी त्यांना ऑफिसच्या खिडकीशी बोलावलं. "मावशी, आमच्याकडून मोठी चूक झाली," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. मावशींना एकदम बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. "तुम्हाला न विचारता तुमचा फोटो वापरला. खासगीपणाचा हक्क आहे हो तुमचा. हे संमतीपत्र आहे, तेवढी सही करा."

"आणि स्टुलाचं काय?"

"ते दुकानाकडे. फोटो त्यांनीच पाठवलाय, त्यांना आपण काय बोलणार? आणि पुढच्या तुकडीलाही हा धडा लागणार आहे."

"खोटा आहे तो, मॅडम."

"उदाहरण म्हणून चांगला आहे." मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. रजा संपवून त्या थेट बुधवारी येणार होत्या.

"सही झाली की प्रमाणपत्र देतो," खिडकीआडचा कारकून म्हणाला.

"नाही केली तर?"

"मग मॅडमना विचारावं लागेल. बुधवारी या."

मावशींनी कागद ओढून घेतला. "बसायला काही आहे का?"

आत दोन खुर्च्या होत्या, दोन्हींवर फायली रचलेल्या. कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि फायली तशाच राहू दिल्या. "सहीला कितीसा वेळ लागतो, मावशी?"

कागदावर 'फोटोचे वर्णन' असा रकाना होता. खिडकीच्या कडेवर कोपर टेकवून मावशींनी सावकाश लिहिलं: 'स्टूल मॅनेजरचे. फोटो झाल्यावर परत नेले. मी अकरा वर्षे उभी होते.' खाली सही केली. आपण ज्या खोट्याला परवानगी देतोय ते त्यांना पुरतं कळत होतं आणि तोंड कडू झालं होतं.

कारकुनाने न वाचताच शिक्का मारला, कागद फायलीत सरकवला आणि प्रमाणपत्र पुढे केलं.

"त्याची एक झेरॉक्स द्या," मावशी म्हणाल्या.

"कशाची? संमतीपत्राची? ती कशाला हवी तुम्हाला?"

"ठेवायची असते."

"मशीन वरच्या मजल्यावर आहे. वेळ लागेल."

"लागू दे."

तो कुरकुरत उठला, कागद घेऊन जिन्याकडे गेला. मावशींनी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं, सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि झेरॉक्स येईपर्यंत खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या.