तीन नंबरचा हात

धाकटीला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नव्हता. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून, एक खिडकी आणि दोन कॉम्प्युटर असलेल्या खोलीत ती बसायची. किती पेशंट आले, किती दिवस राहिले, कुठल्या वॉर्डात ताप पसरला, सगळे आकडे तिच्याकडे यायचे आणि तक्ते होऊन बाहेर पडायचे. तिचा एक नियम होता: नावं बघायची नाहीत. माणसांना नंबर द्यायचे आणि नंबरच मोजायचे. "नाव दिसलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की आकडा वाकतो," असं ती नव्या लोकांना ऐकवायची. वाक्य ऐकायला छान होतं. काही वाक्यं तेवढ्याच भांडवलावर वर्षानुवर्षं खपतात.

त्या महिन्यात प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला एक काम दिलं. सकाळी वॉर्डांत फिरून पेशंटांचं रक्त घेतलं जायचं. त्यातलं काही नळीतच गोठायचं, काहीतल्या पेशी फुटायच्या, काही कमी भरायचं. सॅम्पल खराब झालं की त्याच पेशंटला पुन्हा सुई. पेशंट वैतागले होते, नातेवाईक तक्रारी लिहीत होते. हे कुणामुळे होतंय ते शोधून द्या, असं डॉक्टरांनी कळवलं. हे कुणातरी माणसामुळेच होतंय असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि धाकटीनेही ते निमूट मान्य केलं.

रक्त घेणारे पाच जण होते. त्यांचे नंबर तिच्याकडे आले, एक ते पाच. तीन दिवसांत तिने महिन्याची दोन हजार सॅम्पलं चाळली. चौघांची शंभरातली चारच्या आसपास खराब होत होती. तीन नंबरची मात्र नऊ. दुपटीहून जास्त, योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा फरकच नव्हता. तिने तक्ता छापला, तीन नंबरच्या ओळीखाली रेघ मारली, सही केली आणि मंगळवारी पाठवून दिला. त्या दिवशी ती जेवायला गेली तीही गुणगुणतच.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा थोरली स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. सत्तावीस वर्षं त्याच इस्पितळात रक्त घेत होती. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच इमारतीत कामाला जाणाऱ्या दोन जावांचं पटत नसणार असं लोकांनी परस्पर ठरवलं होतं, आणि या दोघींनी त्यांची साफ निराशा केली होती. धाकटीने पदवीची शेवटची परीक्षा दिली तेव्हा तिचं तान्हं मूल थोरलीच्या मांडीवर होतं. पेपर संपेपर्यंत तिने ते खाली ठेवलं नव्हतं.

"हात धू आणि बस," थोरली म्हणाली. "मला सोमवारपासून भांडारात बसवणार आहेत. कापूस, पट्ट्या, हातमोजे मोजायचे. सुईला हात लावायचा नाही."

"का? काय झालं?"

"माझी सॅम्पलं सगळ्यांत जास्त खराब होतात म्हणे. शंभरातली नऊ." थोरलीने एक शेंग फोडली. "डॉक्टरांनी कागद दाखवला. खाली तुझी सही आहे."

धाकटी बसायची ती उभीच राहिली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, तो मात्र दुसऱ्याच्या पायावर पडावा, असं काहीसं झालं होतं.

"वहिनी, मला माहीत नव्हतं. नंबर होता नुसता."

"ते कळलं मला. तू काही वाकडं केलं असशील असं मनातही आलं नाही." थोरलीचा आवाज अगदी सरळ होता. "तू आकड्यांत चुकत नाहीस. म्हणजे माझा हात गेला. सकाळपासून बघतेय, थरथरतो का. मला तर दिसत नाही, पण आपल्याला आपलं कुठे दिसतं?"

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. इथे ज्या बाईने डोळे झाकून विश्वास ठेवला, तीच त्या विश्वासापायी स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत होती. धाकटीला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. थोरलीने मटारांचं पातेलं बाजूला सरकवलं आणि तिला पाणी दिलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला धाकटी वॉर्डात हजर झाली. सहा वर्षांच्या नोकरीत ती पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्यांच्या मागे फिरत होती. थोरली शेजारच्या वॉर्डात होती; धाकटी मुद्दाम बाकीच्या चौघांतल्या एकटोच्याबरोबर गेली. एकाच टोचण्यात काम फत्ते करतो अशी त्याची ख्याती होती. त्यावरून त्याला हे नाव पडलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

पहिला पेशंट पंचविशीतला, हातावर दोरीसारख्या शिरा. एकच टोच, नळी भरली. दुसरा तसाच. तिसऱ्या खाटेवर एक म्हातारी होती, मनगट काडीएवढं. एकटोच्याने तिच्या कोपरात बोटाने दाबून पाहिलं, दुसऱ्या हातावर पाहिलं, आणि सुई न उघडताच गाडी पुढे ढकलली.

"यांचं रक्त नाही घेतलं?" धाकटीने विचारलं.

"ताई येतील ना. असले हात ताईंचे." थोरलीला इस्पितळात सगळे ताईच म्हणायचे. त्याने दाराकडे वळून हाक मारली, "तिसऱ्या खाटेला ताईंना पाठवा हो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "उगाच म्हातारीला भोसकत कशाला बसायचं? ताईंना मिळते शीर. त्यांना नाही मिळाली तर कुणालाच मिळत नाही."

"रोज असं?"

"रोजच. तान्ही मुलं, किडनीच्या मशीनवरचे, ही अशी म्हातारी माणसं, सगळे ताईंकडे. आम्ही चौघंही तेच करतो."

"आणि तुम्ही सोडून दिलेत हे फॉर्मवर कुठे लिहिता?"

एकटोच्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही शिकलेली बाई आहे यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. "न केलेलं काम कोण लिहितं?"

धाकटी तिथेच खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली. फॉर्मवर एकच रकाना होता, रक्त कोणी घेतलं. ज्याने हात बघून पळ काढला त्याचं नाव कागदावर यायचंच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ती सहा वर्षं पोहरे मोजत बसली होती, आडात एकदाही न डोकावता. साऱ्या इस्पितळातले अवघड हात एका बाईच्या पुढ्यात आणून टाकायचे आणि वर म्हणायचं, हिच्याकडूनच कसं जास्त बिघडतं.

अकरा वाजता ती मोठ्या डॉक्टरांसमोर उभी होती. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीन नंबर तुमच्या कोण?"

"जाऊ. थोरली."

"म्हणजे मंगळवारी आकडा खरा होता आणि आज घरचं माणूस निघालं म्हणून खोटा."

डॉक्टर खोचक होते, पण त्यांचं चुकत नव्हतं, हे धाकटीलाही कबूल होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी गत असताना तिच्या शब्दावर कुणी का भरवसा ठेवावा? तिने एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"अवघड हात कोणता, ते तुम्ही लिहा, डॉक्टर. मी एक शब्द बोलणार नाही. वय आणि वॉर्ड एवढंच फॉर्मवर आहे, त्यात बसेल असं लिहा आणि खाली सही करा. मग त्या व्याख्येने मी दोन हजार सॅम्पलं वेगळी करते, तुमच्यासमोर. व्याख्या नंतर बदलायची नाही. तुम्हीही नाही, मीही नाही."

"आणि उलटं निघालं तर?"

हा प्रश्न धाकटी सकाळपासून स्वतःला विचारत होती. "तर सोमवारी भांडाराची किल्ली मीच त्यांच्या हातात देईन."

डॉक्टरांनी बराच विचार केला आणि चार ओळी लिहिल्या. एक वर्षाच्या आतली मुलं. पंचाहत्तरीच्या पुढची माणसं. किडनीच्या मशीनचा वॉर्ड. कॅन्सरचा वॉर्ड. सही केली, वर तारीखही घातली. दोघं तिच्या खोलीत आली. तिने चार अटी कॉम्प्युटरला दिल्या आणि बटण दाबायच्या आधी क्षणभर थांबली. मंगळवारी तक्ता काढताना तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता.

आकडे आले. दोन हजारांत चारशे हात अवघड. त्यांतले तीनशे वीस एकट्या तीन नंबरने घेतलेले, बाकीच्या चौघांनी मिळून ऐंशी.

"खराब किती?" डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

"अवघड हातांत तीन नंबरची तीनशे वीसपैकी पस्तीस. शंभराला जेमतेम अकरा. चौघांची ऐंशीपैकी चोवीस. शंभराला तीस."

"आणि सोपे हात?"

"तीन नंबरने ऐंशी घेतले, त्यांतला एक खराब. चौघांनी पंधराशे वीस घेतले, चाळीस खराब. म्हणजे अडतीसातला एक."

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि सगळं स्वतः कागदावर मांडलं. एकदा बेरीज चुकली, पुन्हा केली. अवघड हातांत तीन नंबर पुढे, सोप्या हातांतही पुढे, आणि दोन्ही ढीग एकत्र केले की तीच सगळ्यांत मागे. "असं होऊच कसं शकतं?"

"तिच्या वाट्याला अवघडच जास्त येतात म्हणून. सगळ्यांत हुशार वकिलाकडे हरायला आलेले खटले जातात, तसं."

"मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो."

"दोर माझा होता," धाकटी म्हणाली.

मोठे डॉक्टर गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दुपारी त्यांनी एक काम चोख केलं. शिपायाकरवी निरोप न धाडता ते स्वतः जिना उतरून गेले आणि चार माणसांच्या देखत थोरलीला म्हणाले, "ताई, माझी चूक झाली. भांडाराचं विसरा." येत्या महिन्यापासून फॉर्मवर नवा रकाना येणार होता, आधी कोणी पाहिलं आणि सोडलं. एकटोच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला आता अवघड हात शिकावे लागणार होते, तेही ताईंच्याच हाताखाली.

चार वाजता थोरली दुसऱ्या मजल्यावर आली. धाकटीला वाटलं होतं ती हसेल, रडेल, निदान खुर्चीवर टेकून एक सुस्कारा टाकेल. थोरलीने तक्ता हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत नीट वाचला.

"म्हणजे हात गेला नाही माझा."

"नाही, वहिनी. पाचांत तुमच्या हाताला तोड नाही."

थोरलीने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या, दोनदा. मग बोट तक्त्यावर ठेवलं. "हे पस्तीस कोण?"

"कोण म्हणजे?"

"खराब झालेले पस्तीस. चौघांपेक्षा कमी असतील, पण पस्तीस जणांना मी दुसऱ्यांदा टोचलंय. त्यांची यादी काढ."

धाकटीने यादी काढली. वॉर्ड, खाट, वय, वेळ. नावं नव्हती. थोरलीला नावांची गरजही पडली नाही. बोट एकेका ओळीवर फिरू लागलं. "ही आजी, हिला मुलगा बघायला यायचा नाही. हे बाळ, सात महिन्यांचं, आई बाहेर जाऊन रडली होती. हे मास्तर, मलाच धीर देत होते." धाकटी ऐकत राहिली. कॉम्प्युटरवर त्या पस्तीस सारख्या ओळी होत्या, एकही माणूस त्यांत नव्हता.

शेवटच्या ओळीशी बोट थबकलं आणि मागे गेलं. "हे बघ. वीस जण खिडकीकडच्या खाटांवरचे. पहाटे तिथे गारठा असतो, हात बर्फ होतात, शीर आत दडून बसते. रक्त घ्यायच्या आधी दहा मिनिटं हात गरम कापडात गुंडाळून ठेवले, तर निम्मे वाचतील."

धाकटी सरसावून बसली. सहा वर्षांच्या आकड्यांत तिला हे दिसलं नव्हतं. दिसणारही नव्हतं, कारण खाटेला खिडकी असते हे तिच्या तक्त्याला ठाऊकच नव्हतं. "सोमवारपासून करून बघू, वहिनी. खिडकीकडच्या निम्म्यांना गरम कापड, निम्म्यांना नेहमीसारखं. कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. महिन्याने मोजू."

"चिठ्ठ्या कशाला? सत्तावीस वर्षं हात धरतेय मी लोकांचे. मला माहीत आहे ना."

"मलाही माहीत होतं, वहिनी," धाकटी म्हणाली. "मंगळवारी."

गुरुवारपासून पहिल्यांदाच थोरली खळखळून हसली, इतकी की लिफ्टमधली माणसं वळून बघू लागली. तिने शेजारची खुर्ची ओढून घेतली, टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि त्याच्या चिठ्ठ्या फाडायला बसली.