सहापर्यंत आई नाही

म्हातारीने स्वतःच्या नसण्याचा सराव सुरू केला तेव्हा तिला एकोणऐंशीवं लागलं होतं आणि तिच्या लेकाला चोपन्नावं. लेकाला ती ‘राजे’ म्हणायची. राजांना लिहिता-वाचता येत नसे, घड्याळही कळत नसे. पण ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची, तेव्हा बटणं लावावीत तर राजांनीच. त्यांनी लावलेलं बटण शर्ट फाटला तरी तुटायचं नाही.

सरावाचं खूळ राजांसारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या ताईंचं. त्यांच्याकडे चौघांचं एक घर होतं. ज्याला त्याला आपली खोली, सकाळ-संध्याकाळ मदतनीस. खोली एकच रिकामी होती.

“पण दिवसभर त्यांना एकटं राहता आलं पाहिजे, मावशी. नाहीतर मग मोठं वसतिगृह, चाळीस जणांत. तुम्ही असतानाच ठरलेलं बरं.”

तुम्ही असतानाच! लोक किती सभ्यपणे बोलतात. डॉक्टरही तिच्या हृदयाबद्दल असंच गोडीगुलाबीने बोलले होते.

म्हणून ती रोज चप्पल घालून बाहेर पडायची आणि अर्धा मजला उतरून जिन्यात उशी टाकून बसायची. आधी पंधरा मिनिटं, मग तास, मग अख्खी दुपार. राजांकडून तिने नियम घोटून घेतले होते. शेगडीला हात लावायचा नाही. जेवण डब्यातलं. आतून कडी, आणि आई नसताना दार कुणालाही उघडायचं नाही, कुणालाही म्हणजे कुणालाही. लहान काटा सरळ खाली आला की सहा वाजले, मग आई येते. सहाला आई आलीच नाही तर काय, हे कसं शिकवायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं.

पहिल्या दिवशी राजांनी असा काही गळा काढला की ती सातव्या मिनिटाला धावत वर गेली. तिला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन येता-जाता थांबायचे. “काय वहिनी, लेकाने घराबाहेर काढलं वाटतं?”

“सून नाही ना घरात. तेही काम त्यालाच करावं लागतं,” ती म्हणायची.

शेवटी पूर्ण दिवसाची परीक्षा आली. दहा ते सहा. बाराला डब्याचं झाकण वाजलं. तीनला नळ सुरू झाला आणि वेळेवर बंदही झाला. पाच वाजून गेल्यावर रेडिओ लागला, आणि राजे खो खो हसले. एकटेच. तिच्याशिवाय ते असे कधी हसले होते, हे तिला आठवेना. सकाळपासून त्यांनी आईला एकदाही हाक मारली नव्हती. तिची कंबर धरली होती, पण ती उठली ती त्यासाठी नाही. तिला ते हसणं सोसवेना. तिने वर जाऊन दार वाजवलं.

“राजे, उघडा. झाली परीक्षा.”

पावलं आली, दाराशी थांबली.

“आई नाहीये.”

“अरे, मीच आहे. आई.”

“आई सहाला येते. काटा खाली नाही आला.”

“आवाज ओळखत नाहीस का माझा?”

“ओळखतो.” आत जरा विचार झाला. “पण आई नाहीये. तुम्ही नंतर या.”

तुम्ही. जन्मात त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. परक्यांशी असंच बोलायचं, हेही तिनेच शिकवलेलं. नवरा गेला तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा राजे होते.

“बरं,” ती म्हणाली. “येते नंतर.”

ती पुन्हा उशीवर जाऊन बसली आणि तिने ताईंना फोन लावला. “जमलं त्याला. ती खोली ठेवा आमच्यासाठी.”

“अरे वा! शाबास त्यांची! द्या ना त्यांना फोन, मीच सांगते.”

“आत्ता नाही देता येणार,” म्हातारी म्हणाली. “मला घरात जायला अजून पस्तीस मिनिटं आहेत.”