रजेची जागा

देवमन तेलगोटे एकसष्ट साली मॅट्रिक झाला. अकोल्यात त्यांच्या वस्तीत त्याच्याआधी दोघंच मॅट्रिक झाले होते आणि दोघंही नोकरीला चिकटले होते. तेव्हा देवमनही लागणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. त्याचा बाप देवराव जिनात कापसाच्या गाठी उचलायचा. त्यानं निकालाचे पेढे वाटले नाहीत. म्हणाला, "नवकरी लागू दे, मंग एकदमच वाटू."

देवमननं टायपिंगची परीक्षा दिली आणि रोजगार कचेरीत नाव लिहून आला. लोक तिला नुसतं 'एक्स्चेंज' म्हणत. नाव लिहिताना तिथल्या कारकुनानं जात विचारली.

"बौद्ध."

"तो धर्म झाला. दिल्लीच्या खात्यांत ते चालत नाही. जुनी लिहिलीत तर रेल्वे, पोस्ट, सगळीकडं सवलत मिळेल."

"बौद्धच लिहा."

बाप छप्पन साली नागपूरला जाऊन आला होता. घरी येऊन त्यानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते. त्याला विचारून येतो म्हणण्यासारखी ही गोष्ट नव्हती. कारकुनानं खांदे उडवले आणि लिहिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. दर दोन महिन्यांनी जाऊन कार्डावर शिक्का मारून आणायचा, नाहीतर नाव कटायचं. दुपारी पोस्टमन वस्तीत शिरायच्या वेळेला देवमनला घरात बसवत नसे. तो कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. आई दुर्गाबाई ताट वाढून हाका मारायची. तो उभ्याउभ्याच दोन घास खायचा.

दोन वर्षांत त्याला एकदा कॉल आला. एका कचेरीत मुलाखतीला वीसेक पोरं बोलावली होती. आत जाऊन आलेला प्रत्येक जण हसत बाहेर येत होता, कारण साहेबाचा भाचा आतल्या टेबलावर आधीच काम करत बसला होता. देवमनला हसू आलं नाही. तो स्टेशनपर्यंत चालत गेला, पुलावर उभा राहिला आणि संध्याकाळी घरी आला.

त्याचं लग्न ठरलेलं होतं. बडनेऱ्याचे किसनराव खंडारे रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांची मुलगी शालू. तीही मॅट्रिक झालेली. पाहायला गेला तेव्हा तिनं त्याला एकच प्रश्न विचारला होता, "तुमचा टायपिंगचा स्पीड किती?" किसनरावांची अट साधी होती. पोराला नोकरी लागली की तारीख काढू. देवराव म्हणाला, बरोबर हाय. देवमनलाही ते बरोबरच वाटलं होतं. पण एक उन्हाळा गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात किसनराव न कळवता अकोल्याला आले. टोपी हातात घेऊन खाटेवर बसले. पाणी प्यायले आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

"काही झालं का?" देवराव म्हणाला.

"झालं तं चांगलंच. शालूले कॉल आला."

"शालूले? कायचा?"

"तिनं अमरावतीच्या एक्स्चेंजात नाव लिवलं होतं. मले सांगतलं नाई. घरी बसून कटाळा आला म्हणते. परतवाड्याले जंगल खात्यात टायपिस्टची जागा निंघाली, त्यायनं बोलावलं, त्यायनं घेतलं बी." किसनरावांनी देवमनकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आता पोरगी एकटी परतवाड्याले कशी ठिवू? तवा म्या म्हनलं, लगन या महिन्यातच उरकून घेऊ. देवमनराव तिच्यासंगं जातीन."

"अन् त्याची नवकरी?" दुर्गाबाई आतून म्हणाली.

"लागनच ना. तिकडं काय नवकऱ्या नाईत?"

देवमन उठून बाहेर गेला. त्याला आनंद झाला होता, हे खरं. शालूनं कुणाला न सांगता नाव लिहिलं, याचं त्याला कौतुकही वाटलं. पण त्याच आनंदाखाली काहीतरी टोचत होतं. तीन वर्षं त्यानं शिक्के मारून आणले आणि तिला चार महिन्यांत जागा मिळाली. बायकांसाठी म्हणून ती जागा होती, त्यात तिचा काय दोष, हे त्याला कळत होतं. कळूनही टोचत होतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्यावर त्यानं दारातूनच सांगितलं, "मले चालते."

लग्न झालं. परतवाड्याला मोटारस्टँडच्या मागे त्यांनी एक खोली घेतली. शालू सकाळी डबा घेऊन कचेरीत जायची. देवमन पाणी भरायचा, बाजार आणायचा आणि मग त्याला काही सुचायचं नाही. मेळघाटातून सागवानाच्या गाड्या यायच्या, त्या उतरताना पाहत उभा राहायचा. बाजारात लोक त्याला ओळखू लागले. नावानं मात्र नाही. "ते टायपिस्टीनबाईचे मालक," असं म्हणत. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं.

परतवाडा अमरावती जिल्ह्यात. तेव्हा अकोल्यातलं कार्ड अमरावतीला पाठवायला हवं होतं. त्यानं अकोल्याला जाऊन तसा अर्ज दिला. नोंदणीची जुनी तारीख तशीच राहील, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. पुढच्या महिन्यात देवमन अमरावतीला गेला.

"कार्ड आलं नाही," तिथला कारकून म्हणाला.

तो अकोल्याला गेला.

"आम्ही पाठवलं."

"त्यायले भेटलं नाई म्हणतात."

"मग रस्त्यात असेल."

असे चार-पाच महिने गेले. कार्ड रस्त्यात होतं आणि देवमनही रस्त्यातच होता. परतवाडा, अमरावती, अकोला, परत अंजनगावावरून परतवाडा. शेवटी अमरावतीचा कारकून म्हणाला, "कशाला हेलपाटे घालता? नव्यानं नाव लिहा. आजची तारीख टाकून देतो."

"आजची तारीख टाकली तं माही चार वर्सं कुठं गेली?"

"ते मी कसं सांगू?"

देवमननं नवीन नाव लिहिलं नाही. ती चार वर्षं त्याची होती. ती कुठंतरी ठेवलेली होती, फक्त सापडत नव्हती, असंच त्याला वाटत होतं. शालू म्हणाली, "लिहून टाका ना. काई नसल्यापरीस बरं." तो तिच्यावर ओरडला आणि मग घागर उचलून पाण्याला गेला.

पासष्टच्या पावसाळ्यात शालूला सातवा महिना लागला. बाळंतपणाच्या रजेवर जायचं होतं. तिच्या जागेवर तीन महिने कुणीतरी लागणार होतं, आणि रजेच्या जागेला बाईच हवी अशी अट नव्हती. देवमन कचेरीत जाऊन हेडक्लार्क रामरावांना भेटला.

"साहेब, मी टायपिंग पास हाय. मशीन तेच, खोली जवळ. हिची कामं मले ठाऊक हायत. मलेच घ्या."

रामराव भला माणूस होता. त्यानं देवमनला खुर्ची दिली. "मी घेतला असता हो. पण नाव एक्स्चेंजातून आलं पाहिजे. तुमचं नाव तिथं आहे?"

देवमन खुर्चीतून उठला. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं तो अमरावतीला गेला. कार्ड आलं नव्हतं. परतवाड्याच्या जागेसाठी नावं आदल्या दिवशीच गेली होती.

आठवड्यानं एक पोरगा परतवाड्याच्या स्टँडवर उतरला. पायजमा, पांढरा सदरा, हातात पत्र्याची पेटी. नांदगाव पेठेकडच्या गावचा, कुणब्याच्या घरचा, नाव चंद्रभान. मुलाखत होऊन त्याची निवड झाली होती. गावात त्याची कुणाशी ओळख नव्हती. कचेरीत तो शालूकडून काम समजून घेत होता, तेव्हा तिनं विचारलं, "राह्यची सोय कुठं केली?"

"नाई झाली अजून. काल स्टँडवरच झोपलो."

शालू त्याला घरी घेऊन आली.

देवमन दारात उभा होता. ती म्हणाली, "हे चंद्रभान. माह्या जागेवर आले. खोली भेटेपर्यंत आपल्या वसरीत राहतीन." देवमननं त्या पोराच्या पेटीकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला.

तो लाकडाच्या डेपोपर्यंत गेला. तिथून पुलाकडे, तिथून परत बाजारात. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. आपल्याच बायकोच्या खुर्चीवर बसायला माणूस अमरावतीहून येतो, आपल्याच ओसरीत झोपतो आणि आपण पाणी भरायचं. एका दुकानदारानं हाक मारली, "काय मालक, फिरायला?" देवमन तसाच पुढे गेला.

परतला तेव्हा शालू भाकरी टाकत होती. पोरगा ओसरीत पेटीवर बसला होता. त्याच्यापुढे पाण्याचा गडवा जसाच्या तसा होता.

"पाणी पेलं नाई?" देवमननं विचारलं.

चंद्रभान लाजला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो त्याला दिसला असणार. "आमच्या घरी..." त्यानं सुरुवात केली आणि थांबला.

"तुमच्या घरी काय चालते, मले ठाऊक हाय."

चंद्रभाननं गडवा उचलला आणि घटाघट सगळं पाणी प्याला. मग मनगटानं तोंड पुसत म्हणाला, "बाईनं सांगतलं मले. तुमी बी टायपिस्ट हा. मले मालूम नवतं. मी सकाळच्या मोटारनं वापस जातो."

"काहून?"

"तुमची जागा हाय हे."

"वेडा झाला का?" देवमनचा आवाज चढला. "तू गेला तं तुयं नाव कटन. अन् मले थोडीच घेतीन? दुसरा एखादा येईन, अन् तो बी स्टँडवरच झोपन. किती वर्सं झाली नाव लिवून?"

"पाच."

देवमन त्याच्या शेजारी बसला. कितीतरी महिन्यांत तो असा बसला नव्हता. आतून शालू म्हणाली, "भाकरी गार होऊन राह्यली," तरी दोघं उठले नाहीत. पाच वर्षांत चंद्रभान कुठंकुठं मुलाखतीला गेला, कुठं कुणाचा भाचा आधीच बसलेला होता, हे तो सांगत राहिला. एकदा देवमनला हसू आलं. साहेबाचा भाचा सगळीकडेच असायचा.

चंद्रभानला खोली मिळाली नाही, की त्यानं शोधली नाही, कोण जाणे. तो तीन महिने ओसरीतच राहिला. शालूला मुलगी झाली. मुलीच्या पाचवीला दुर्गाबाई अकोल्याहून आली. ओसरीत जेवत बसलेला कुणब्याचा पोरगा पाहून ती थबकली, मग त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून आत गेली.

रजा संपली. शालू पुन्हा मशीनवर गेली आणि चंद्रभान मोकळा झाला. दोघं पुरुष एकाच मोटारीनं अमरावतीला निघाले. कचेरीत कळलं की चंद्रभाननं तीन महिने नोकरी केली, म्हणजे त्याचं जुनं कार्ड बंद झालं. पाच वर्षं गेली. आता नव्यानं नाव लिहायचं.

"तीन महिन्याच्या कामापायी?" चंद्रभान म्हणाला.

"नियम आहे."

देवमन त्याच्याकडे पाहत राहिला. त्या पोरानं काम केलं होतं, पैसे घरी पाठवले होते, शिव्या खात का होईना टायपिंग सुधारलं होतं. आणि आपण? आपण चार वर्षं मुठीत धरून बसलो होतो आणि मुठीत काही नव्हतं. त्यानं कारकुनासमोर कोपर टेकवलं.

"माहंबी लिवा. आजची तारीख टाका."

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली. चंद्रभानला अजून काही आलं नव्हतं. देवमनला कॉल आला. रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून, सहा महिन्यांसाठी. काम अंजनगावच्याही पलीकडे, दूर आडरानात. मुलीला सांभाळायला दुर्गाबाई परतवाड्याला राहायला आली.

निघायच्या दिवशी शालूनं कचेरीतून तासाभराची सुटी घेतली आणि मुलीला घेऊन स्टँडवर आली. देवमन मोटारीत चढला, जागा धरली, पुन्हा खाली उतरला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. कंडक्टरनं घंटी वाजवली तसा परत चढला, आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "सहा महिन्यानं नाव अखीन कटन वं."

"कटू द्या. अखीन लिवू."

मोटार हलली. बापानं अकोल्यात पेढे वाटायचे की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सहा महिन्यांच्या कामाचे कसले पेढे. मोटार अंजनगावच्या रस्त्याला लागली तरी तो दांडा धरून उभाच होता. मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "बस ना रे बाबू, जागा हाय ना."

"बसतो," देवमन म्हणाला, आणि थोड्या वेळानं बसला.