पारूबाईचा उजवा हात

"माझ्या मायला आता हात कशाला लागतोय? घरात सून हाय की!" असं म्हणताना आकाशला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

त्याच्या आईला, पारूबाईला, लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पायही सावरला. उजवा हात मात्र लोंबत राहिला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "शहरात रोबोटच्या मदतीनं हाताचा व्यायाम करून घेतात. तिथं लगेच न्या." पण आकाशची चितेगावच्या कंपनीत पाळीची नोकरी. वडिलांचा खांदा निखळला तेव्हा याच आकाशनं रजा टाकून त्यांना व्यायामाला नेलं होतं. आईच्या वेळी मात्र 'बघू पुढं' म्हणत उन्हाळा सरला, पावसाळाही सरला. पारूबाईच म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं, माझ्यापायी खाडा नको."

आकाशची बायको सरिता तिला भरवायची, वेणी घालायची. सगळं मायेनं व्हायचं आणि हात आखडत जायचा. शेवटी बोटांची मूठ वळली, ती उघडेना.

एकदा विहारात वंदनेला सगळ्यांनी हात जोडले. पारूबाईनं डाव्या हातानं उजवा उचलून छातीशी आणला. तो निसटून मांडीवर पडला. तिनं पदर तोंडावर ओढला. घरी आल्यावर एवढंच बोलली, "माझा हात मेला रं आकाश. अन् कुणाला पत्ताच नाय."

दुसऱ्याच दिवशी आकाश तिला घेऊन शहरातल्या व्यायामकेंद्रात गेला.

तिथं व्यायाम करून घेणाऱ्या श्रेया मॅडमनी तिचा हात रोबोट यंत्राच्या पट्ट्यांत बसवला. हात हलवून समोरच्या पडद्यावर दिसणारा पेला फळीवर ठेवायचा होता. हात वर गेला. पारूबाई कोरड्या नजरेनं बघत राहिली.

"हे यंत्र हलवतंय. मी नाय."

"तुम्ही जोर लावा, मावशी. तुमचा जोर वाढला की मी यंत्राचा कमी करीन. मेंदूला हात हलवायची वाट पुन्हा शिकवायची आहे."

ती रोज जाऊ लागली. कितीदा रडली, कितीदा 'नको' म्हणाली. एका सकाळी यंत्राचा आधार अगदी थोडा असताना कोपर सरळ झालं.

"व्हय गं! आत्ता मीच!"

पण मूठ उघडली नाही.

"बोटं कधी सुटतील?" आकाशनं बाहेर येऊन विचारलं.

श्रेयानं मागचं दार लोटून घेतलं. "सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू सगळ्यात लवकर शिकतो, दादा. ते महिने गेले. बोटं कदाचित सुटणारही नाहीत."

"बाच्या खांद्याला मी रजा टाकली व्हती. मायचं मला वाटलं, बाईमाणूस, घरातच तर असती..."

"वडिलांचा खांदा तुम्हाला गरजेचा वाटला. आईनं जन्मभर केलं, ते काम नव्हतं? आणि कामाचं सोडा. हात तिचा आहे ना?"



पुढं कंपनीत आकाशच्या सोबतचा कामगार रामकिसन सांगत होता, "बायकोला लकवा मारला. दवाखान्यातून सोडलं घरी. लेक करतीय सगळं. व्यायामाचं बघू दिवाळीनंतर."

"दिवाळी नाय, उद्याच ने!" आकाश ओरडलाच. "मी लई उशीर केला, रामकिसन. माझ्या मायची मूठ आता उघडत नाय."

वाचकहो, रोबोट हाताला आधार देईल, दुखावलेल्या मेंदूला शिकवील. पण गेलेले दिवस परत आणणार नाही. आई, बायको, बहीण 'राहू दे' म्हणते तेव्हा ते खरं मानू नका. तिला वेळेवर उपचार मिळणं हा उपकार नव्हे, तिचा हक्क आहे!