काचेच्या वाटीतलं पाणी

देवपूजा एखाद्या दिवशी चुकली तरी सयाजी मोहित्याला चालायचं, डिझेलचा फिल्टर चुकलेला चालत नसे. सकाळी चहाच्या आधी तो फिल्टरखालची काचेची वाटी सोडवायचा आणि उन्हाकडे धरून बघायचा. डिझेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं. पाणी दिसलंच तर ओतून द्यायचं, आतलं जाड लोकरी नमद्याचं नळकांडं डिझेलमध्ये खंगाळायचं, परत बसवायचं आणि हातपंप मारून हवा काढायची. फौजेत चौदा वर्षं गाड्या हाकल्या, तिथली ही खोड. सिनेमाच्या तंबूतली पोरं त्याला ‘फिल्टरबुवा’ म्हणत. म्हणेनात का! लिलावात घेतलेली ती म्हातारी बस आठ वर्षं त्याच्या जिवावर चालली होती, आणि हे बस सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बस म्हणजे नुसती बस नव्हे. लालासाहेबांच्या फिरत्या टॉकीजचं सगळं बिऱ्हाड तिच्यात. मागे सिनेमाचं मशीन आणि तंबूचं कापड, पुढच्या अर्ध्या भागात सयाजी आणि त्याची बायको विजयमाला यांचा संसार. एक बाकडं, एक स्टो, खिडकीच्या कडेला फळीवर देव. जत्रा तिकडे घर. लग्न झाल्यावर सयाजी तिला म्हणाला होता, “दोन वर्सं काढू, मग गावाकडं घर बांधू.” सुरुवातीला हौसेनं त्याने तिला इंजिनसुद्धा समजावलं होतं. “पाणी आत गेलं का इंजन जीव सोडतंय बघ.” ती मान डोलवत ऐकायची. दोनाची आठ झाली, आणि सयाजीला ते कळलंही नाही. गडी गाडीत सुखी होता.

चौऱ्याहत्तर सालच्या कार्तिकात मुक्काम वडूजला असताना वाटीत पाणी दिसू लागलं. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. बोट बोटभर! सयाजीने टाकी धुतली, झाकणाचं रबर बदललं, पंपवाल्याशी भांडून आला. पाणी काही हटेना. शेवटी म्हसवडच्या रथाच्या जत्रेला निघाले तर दहिवडीच्या पुढे बसने आचके दिले आणि रस्त्यातच बसकण मारली. हवा काढता काढता सयाजीच्या बोटांची सालटी निघाली. पोचेपर्यंत रथाचा दिवस मावळला होता. वर्षातला सगळ्यात मोठा खेळ बुडाला.

लालासाहेब आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते, म्हणून त्यांची भीती जास्त. ते एवढंच म्हणाले, “सयाजी, आता पालीची जत्रा. तिथं गाडी येळेवर पोचली न्हाई तर गाडी भंगारात, आन् तू तुझ्या घरी.”

सयाजीला रात्रंदिवस एकच प्रश्न. तंबूचं जनरेटरही त्याच पिंपातल्या डिझेलवर चालायचं, त्यात थेंबभर पाणी नव्हतं. म्हणजे पिंप चांगलं होतं. पाणी बसच्या टाकीत कुणीतरी हाताने घालत होतं. आणि टाकीजवळ अंथरूण कुणाचं? बिराप्पाचं.

बिराप्पा मशीन चालवायचा. आठ वर्षं दोघं एका ताटात जेवले होते. सयाजीला टायफॉइड झाला तेव्हा याच बिराप्पाने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. पण संशय एकदा मनात शिरला की उपकार आठवत नाहीत, अंथरुणाची जागा तेवढी आठवते. सयाजीने त्याला बसपुढे उभं केलं. चार माणसं जमली.

“भंडारा उचल,” सयाजी म्हणाला. “बिरोबाची आण घे, का मी पाणी घातलं न्हाई म्हून.”

देवाची हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत. विजयमालाने फळीवरची भंडाऱ्याची डबी आणून नवऱ्याच्या हातात दिली आणि खाली मान घालून मागे सरली.

बिराप्पाने डबीकडे पाहिलंही नाही. “आठ वर्सं झाली, सयाजी. तुला आण लागती व्हय रं माझी? लागत आसंल तर आपली दोस्ती कुटं हाय? मग भंडारा उचलून तरी काय करू?”

“उचल म्हणतो ना!”

“न्हाई उचलत.”

झालं. उचलत नाही म्हणजे खातोय शेण, असा सयाजीने हिशेब केला. इमानी माणूस अपमानानेही हात मागे घेतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. साप समजून त्याने भुई धोपटली, आणि ती भुई कुठली, तर ज्या पाठीवरून दवाखान्यात गेला ती! बिराप्पाने वळकटी खांद्यावर टाकली आणि मागे न बघता तो स्टँडकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी वाटी स्वच्छ होती. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. सयाजी प्रत्येकाला वाटी दाखवत हिंडला. “बगा! चोर गेला, पाणी गेलं.” विजयमालालाही दाखवली. ती म्हणाली, “बरं झालं की.”

पाचव्या दिवशी पालीला निघायचं म्हणून दुपारी तंबू उतरवायला घेतला होता. सगळे तिकडे गुंतलेले. सयाजी घण न्यायला बसकडे आला आणि जागच्या जागी थिजला. टाकीचं झाकण उघडं होतं. पाण्याची कळशी जमिनीवर, आणि विजयमाला तांब्याने टाकीत पाणी ओतत होती. घाई नाही, धांदल नाही. तुळशीला घालावं तसं.

 तिने वळून पाहिलं, आणि ती दचकलीही नाही.

“तू?” तो कसाबसा म्हणाला. “माले, तू?”

“मीच.”

“का गं?”

“आवं, का म्हून इचारता? दोन वर्सं म्हणाला हुता, आट झाली. पावसाळ्याचं चार म्हयनं भावाच्या वळचणीला, बाकी ह्यो डबा. दारात रांगोळी काढावी म्हणलं तर सकाळी दारच दुसऱ्या गावात. सांगून सांगून दमले. तुमी गाडीचं दुखणं ऐकता, माझं न्हाई ऐकलं. गाडीच मेली तर याल घरला, म्हणलं. पालीला पोचली न्हाई का मालकच घरला धाडत्यात, म्हून चार दिस थांबले.”

“आन् बिराप्पा? त्यानं काय घोडं मारलं हुतं तुझं?”

तिने तांब्या कळशीवर पालथा घातला.

“माझ्या हातात भंडारा तू दिलास,” सयाजीचा आवाज फाटला. “तोंड शिवलं हुतं का तुझं तवा?”

“बोलले आसते तर तुमी काय केलं आसतं?” ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सयाजीला त्या क्षणी कुठल्याच पाण्यावर विश्वास ठेवता येईना.

तो तसाच लालासाहेबांकडे गेला. तंबूची सगळी माणसं तिथेच होती. बायकोचं नाव घ्यावं तर चार लोकांत तिची अब्रू जाते. गप्प बसावं तर बिराप्पा जन्मभर चोर.  मग तो मोठ्याने म्हणाला, “मालक, बिराप्पाचा दोस न्हाई. फिल्टर मीच साफ केला न्हाई. आळस केला आन् त्येच्यावर आळ घेतला. त्येला परत बोलवा. टाकीत आजून पाणी हाय, ती धुतल्याबिगर गाडी हलवू नका.”

तंबू उतरवणाऱ्या पोरांचे हात थांबले. फिल्टरबुवाने फिल्टर चुकवला?  लालासाहेबांना पटलं नसावं, पण माणसाने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावर मालक तरी काय करणार! “किल्ली ठिव,” ते म्हणाले. “संध्याकाळच्या एस.टी.नं जा.”

सयाजीने किल्ली ठेवली. आयुष्यात जी एक गोष्ट त्याने कधी केली नव्हती, तीच त्याच्या नावावर लागली.

बसमध्ये येऊन तो म्हणाला, “आवर. जायचंय घरला.”

विजयमालाने बाकड्याखालून ट्रंक ओढली. ट्रंक भरलेली होती, वरून सुतळीने आवळून बांधलेलीही. शेजारी भांड्यांचं गाठोडं, त्यालाही गाठ मारलेली. देव तेवढे फळीवरून उचलायचे राहिले होते.

सयाजीने सुतळीच्या गाठीवर बोट ठेवलं. “कवा बांदलंस हे?”

ती देव पदरात घेत म्हणाली, “बिराप्पा गेला त्या दिशी.”